खळ्यातली जीप

आमच्या खळ्याच्या कडेला उंडीचे जुने झाड आहे. त्या झाडाखाली अकरा पावसाळे एक जीप उभी होती. उभी होती असे म्हणायचे एवढेच. खरे तर ती वर्षागणिक थोडी थोडी बसत चालली होती. चारही टायर जमिनीला टेकलेले, टपाच्या कॅनव्हासच्या चिंध्या झालेल्या, बॉनेटवर कोंबड्यांची वस्ती आणि मागच्या फाळक्यातून वर आलेले घाणेरीचे झुडूप. आई दर दिवाळीला खळे करताना एकच वाक्य बोले, ‘‘तां भंगार कोणाक तरी देवन टाक, आणि खळां मोकळां कर.’’ पण भंगारवाला दारात येऊन किलोचा भाव बोलला, की त्याला चहा पाजून परत धाडायची तीही आईच.

जीप वडिलांची. १९७४ सालची, महिंद्राची, पेट्रोलवर चालणारी. मालवण-आचरा पट्ट्यात तेव्हा रस्ते होते, पण ते घरापर्यंत पोचत नसत. वडिलांनी सड्यावरच्या बागेतून आंब्याच्या पेट्या हिच्यातूनच खाली आणल्या. रात्री-अपरात्री वाडीतल्या किती बायकांना बाळंतपणासाठी हिने मालवणला पोचवले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. २०१३ साली वडील गेले आणि जीप त्या दिवशी जिथे होती तिथेच राहिली. मी मुंबईत नोकरीला. निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिले.

वाडीत वडिलांच्या वेळचे एक मेस्त्री आहेत. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांवर जाड भिंगे. पण इंजिनाला कान लावला की भिंगांची गरज लागत नाही. त्यांना बोलावले. त्यांनी बॉनेट उघडले, विंचू झटकला, तेलाची पट्टी काढून वास घेतला आणि म्हणाले, ‘‘झिला, इंजिन मेलला नाय, निजलला हा. बॉडी मात्र खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान.’’

खाल्ल्यान म्हणजे कसे, ते फ्लोअरवर पाय ठेवला तेव्हा कळले. पाय थेट मातीत गेला. यात वाऱ्याइतकाच दोष माझाही होता. वडील गेल्यावर पहिली चार वर्षे मी मोठ्या काळजीने जीपवर निळी ताडपत्री घट्ट बांधून जात असे. मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि ताडपत्री ते बाहेर सोडत नाही. आत सगळे वाफाळत राहते आणि पत्रा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. चार खांब आणि वर चुडतांचे झाप एवढा मांडव घातला असता, तर पाऊसही अडला असता आणि वाराही खेळला असता. मालवणच्या बंदरावर पाहा, मासेमारी करून आलेला माणूस होडीचे मशीन आधी गोड्या पाण्याने धुतो, मग घरी जातो. हे शहाणपण आमच्या डोळ्यांसमोर रोज असते. मोटारीच्या बाबतीत मात्र ते आम्हाला सुचत नाही.

या गाडीचे कूळ थोडे सांगायला हवे. जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी सैन्यासाठी. विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धाच्या काळात सहा लाखांवर जीपा बनवल्या. इकडे १९४५ साली लुधियानात ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली होती. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून ते जोडण्याचे काम मुंबईत माझगावला सुरू झाले.

आमची जीप ज्या घडणीची, ते मॉडेल विलिसने १९५३ साली आणले. तिचे बॉनेट कपाळ वर काढल्यासारखे उंच दिसते, त्यालाही कारण आहे. आधीच्या इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. नव्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, धूर सोडणारा खालीच ठेवला. इंजिनाची ताकद वाढली, उंचीही वाढली, म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झाले. आपल्याकडे मात्र त्याच घडणीच्या गाड्या पुढे कित्येक वर्षे निघत राहिल्या.

दिवाळीनंतर काम काढले. प्लगच्या चारही भोकांतून डिझेल आणि तेल मिसळून ओतले आणि आठ दिवस हात लावला नाही. नवव्या दिवशी समोरून लोखंडी हँडल घातले. अंगठा मुठीच्या ज्या बाजूला बोटे, त्याच बाजूला ठेवायचा, गुंडाळायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जाते. हे वडिलांनी मला बाराव्या वर्षी शिकवले होते आणि हात ते विसरला नव्हता. मेस्त्री आणि मी आळीपाळीने लोंबकळलो. तिसऱ्या दिवशी हँडल दोन बोटे सरकले. आई पडवीतून पाहत होती. काही बोलली नाही, पण त्या दिवशी मेस्त्रींना जेवायला थांबवून घेतले.

इंजिन फिरले तरी सिलिंडरवर ओरखडे होतेच. ब्लॉक उतरवून फोंडा घाटाने कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात नेला. तिथे बोअर करून मिळाला, तो अगदी चोख. फसलो ते सुट्या भागांत. तीस थाऊच्या मोठ्या रिंगा मागितल्या, तर एका दुकानदाराने चाळीसच्या बांधून दिल्या, आणि त्या घरी येऊन उघडल्यावर कळले. पुन्हा घाट. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मेस्त्री लोकांचे सगळे जग या मापात चालते.)

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. ती काढली, तेव्हा आत गुळाच्या काकवीसारखा थर होता आणि तळाला दोन भोके. गावातला एक उत्साही वेल्डर लगेच ठिणग्या पाडायला निघाला. मेस्त्रींनी त्याचा हात धरला. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. टाकी धुऊन, काठोकाठ पाणी भरून, फक्त डागायची जागा कोरडी ठेवून मगच डाग दिला. सीटखाली आणखी एक वस्तू सापडली. हातभर लांबीची बांबूची कांबट, तिच्यावर चाकूने पाडलेले पाच खाचे. मी ती कचऱ्यात टाकणार होतो. आईने घेतली, पदराने पुसली आणि आत नेऊन ठेवली.

फ्लोअरचा पत्रा कापून नवा घातला. चेसिस ठोकून पाहिली, दोन जागी आवाज बद्द आला, तिथे पट्ट्या मारल्या. मग ब्रेक. चालू करण्याची घाई मला होती. मेस्त्री म्हणाले, ‘‘तेका आधी थांबाक शिकव, मगे चलाक.’’ मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत प्रत्येक रबर बदलले. कार्ब्युरेटरचे आणि पेट्रोल पंपाचे रबरही बदलावे लागले, कारण आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते जुने रबर खाते आणि हवेतले पाणी ओढते. आमच्यासारख्या दमट मुलखात गाडी महिनाभर उभी ठेवायची, तर टाकीचा विचार वेगळा करावा लागतो.

खरा वाद झाला तो मुंबईच्या धाकट्या भावाशी. त्याचे म्हणणे, पेट्रोल परवडणार नाही, डिझेल इंजिन बसवून टाक. कोकणात अशा कितीतरी जीपा डिझेलवर गेल्या आहेत, त्यामुळे त्याचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते. मध्येच त्याला दुसरी कल्पना सुचली. २०२१ सालच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात, मान मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. पण दोन्ही गोष्टी एकदम होत नाहीत. व्हिंटेज म्हणवायचे, तर इंजिन, चेसिस, बॉडी मूळची हवी. म्हणजे डिझेल बाद. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, ‘‘म्हणजे माका बाजारात नेवक गावाची नाय?’’

व्हिंटेजचा विषय तिथे संपला. डिझेलचा मी संपवला. ते इंजिन वडिलांचे होते, याहून चांगले कारण माझ्याकडे नव्हते आणि भावाने मागितलेही नाही.

कागदांनी मात्र दम काढला. मालक वारला की वारसाने तीस दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत नावावर करून घ्यायचे असते. आम्ही अकरा वर्षे गप्प. वारसाचे दाखले, भावाची संमती, दंड, पर्यावरण कर. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी २०२५ साली दहा हजार झाली आहे, तीही भरली. घरात कोणाची गाडी अशी पडून असेल, तर पाना नंतर हातात घ्या, आधी आरसी पुस्तक शोधा. पासिंगच्या दिवशी वायपर अडला, म्हणून गाडी परत आली. पुढच्या आठवड्यात पास झाली.

फोर-व्हीलचा दांडा आता सुरळीत पडतो, पण तो सड्यावरच्या चिखलासाठी. कोरड्या डांबरावर पुढची-मागची चाके एकत्र जखडली, तर वळताना दात कुरकुरतात. किनाऱ्यावर गाडी घालून वाळू उडवण्याची फॅशन आली आहे. जिथे कासवे अंडी घालायला येतात, तिथे ही मर्दुमकी कशाला? पुतण्याने विचारले होते, त्याला नाही म्हटले.

पहिली खेप आईची. मेस्त्रींनी चाकापुढे नारळ फोडला. मी सीटवर बसून पाहिले, तर पेट्रोलचा काटा मेलेलाच होता. तेवढा एक दुरुस्त झाला नव्हता. मी खाली उतरणार, इतक्यात आई घरातून ती बांबूची कांबट घेऊन आली. तिने टाकीचे झाकण उघडले, कांबट आत सोडली, वर काढून उजेडात धरली.

‘‘दोन खाचे भिजले,’’ ती म्हणाली, ‘‘आचऱ्याक जावन येवक पुरो.’’ आणि पदर खोचून बाजूच्या सीटवर चढून बसली.