वन्य पक्ष्यांचीं छायाचित्रें : परीक्षण आणि संस्करण

१८९२ सालच्या एप्रिल महिन्यांत इंग्लंडमध्यें रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनीं एका पक्ष्याच्या घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें. त्या काळीं पक्ष्यांचा अभ्यास बहुधा बंदुकीच्या साहाय्यानें चाले. पक्ष्याला जिवंत ठेवून त्याची साक्ष घरीं आणतां येते, हें या बंधूंच्या कॅमेऱ्यानें दाखविलें. छायाचित्र ही अशी साक्ष होय. आणि साक्षीचा पहिला गुण म्हणजे खरेपणा. परीक्षकानें हें कधींच विसरूं नये.

परीक्षण करतांना प्रथम पक्ष्याचा डोळा पाहावा. तो स्पष्ट असून त्यांत प्रकाशाचा ठिपका चमकत असेल, तर चित्र सजीव वाटतें. डोळा अंधुक असेल, तर पिसें कितीहि रेखीव येवोत, चित्र निर्जीव राहतें. त्यानंतर प्रकाश. भर दुपारच्या उन्हांत बगळ्याच्या शुभ्र पिसांतील रेषा पुसून जातात. आणि जें मुळांतच नोंदलें गेलें नाहीं, तें मागाहून कोणत्याहि उपायानें परत मिळत नाहीं. तिसरी गोष्ट मांडणी. पक्षी ज्या दिशेस पाहतो, त्या बाजूस थोडी मोकळी जागा असावी.

आतां संस्करणाकडे वळूं. पूर्वी तें अंधाऱ्या खोलींत होई, आज संगणकावर होतें. साधन पालटलें, मर्यादा पालटली नाहीं. कडा छाटणें, छायाप्रकाश सांभाळणें, हें क्षम्य आहे; पण छाटणीहि विचारानें व्हावी. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे, परंतु बोटें पिवळीं असतात. सुबकतेच्या मोहानें पाय छाटले, तर चित्र देखणें होईल, पण पक्ष्याची मोठी खूण नाहींशी होईल. खंड्याच्या पंखांवरील निळाई रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळें दिसते, व प्रकाशाबरोबर कमीअधिक होते. ती मुद्दाम भडक करणें म्हणजे त्या वेळचा प्रकाशच खोटा ठरविणें होय. नसलेला पक्षी चित्रांत घालणें किंवा असलेला काढून टाकणें, हें तर लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या स्पर्धेंतहि निषिद्ध आहे.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हें चित्र मिळालें कसें? घरटें नीट दिसावें म्हणून समोरची डहाळी तोडली, तर पिलें उन्हाच्या आणि कावळ्यांच्या तोंडीं जातात. असें चित्र कितीहि सुंदर असो, त्याची वाखाणणी करणारा परीक्षक पुढच्या डहाळीवर कुऱ्हाड घालण्यास उत्तेजनच देतो.