लाखेची झळाळी आणि तिचे शास्त्र

भोवरा, खुळखुळा, पाळण्यावरची चिमणी भांडी किंवा कुंकवाचा करंडा यांसारख्या लाकडी वस्तूंना येणारी काचेसारखी झळाळी बहुधा लाखेची असते. कर्नाटकातील चन्नपट्टण हे गाव या कामासाठी विशेष प्रसिद्ध आहे. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनीही लाकडी खेळणी व गंजिफा यांच्या रूपाने रंगकामाची परंपरा जपली आहे.

लाख हा झाडाचा डिंक नव्हे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात आणि अंगाभोवती राळेसारख्या द्रव्याचे कवच तयार करतात. हे कवच खरवडून, धुऊन व गाळून शुद्ध लाख मिळते. ती उष्णतेने मऊ होते आणि थंड होताच पुन्हा कडक होते. सारे लाखकाम या एका गुणावर उभे आहे.

चन्नपट्टणमध्ये काळ्या कुड्याचे मऊ व पांढुरके लाकूड प्रामुख्याने वापरतात. ते आधी पुरते वाळवावे लागते. ओल राहिल्यास लाकूड पुढे आकसते आणि लाखेला तडे जाऊन तिचे पापुद्रे सुटतात. वाळलेला तुकडा लेथवर चढवून पटाशीने आकार दिला जातो व पॉलिश पेपरने गुळगुळीत केला जातो. त्यानंतर रंग मिसळलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. शेवटी केवड्याच्या जातीचे पान दाबून धरले की थर सारखा पसरतो आणि चकाकी येते. यात ब्रश लागत नाही आणि थर वाळण्याची वाटही पाहावी लागत नाही.

लेथवर गोलाकार वस्तूच रंगवता येतात. चौकोनी पेटी किंवा कोरीव बाहुली असेल, तर चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे पातळ हात एकावर एक द्यावे लागतात. प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा द्यायचा असतो. पावसाळी दमट हवेत हे काम केल्यास पृष्ठभागावर पांढुरकी छटा येते, म्हणून कोरडा दिवस निवडणे श्रेयस्कर.

शुद्ध लाख निरुपद्रवी असते. औषधाच्या गोळ्यांवर व मिठाईवरही तिचा लेप देतात. धोका असलाच तर तो तीत मिसळलेल्या रंगात असतो. शिसेयुक्त पिवळा किंवा लाल रंग स्वस्त व भडक असतो. मात्र मूल खेळणे तोंडात घालते आणि शिसे बालकाच्या मेंदूच्या वाढीस घातक ठरते. म्हणूनच अनेक कारागीर हळद, नीळ यांसारख्या वनस्पतिजन्य रंगांकडे वळले आहेत. चकाकी डोळ्यांना दिसते, रंगातील शिसे दिसत नाही. त्यामुळे खेळणे घेताना रंग कोणता वापरला आहे, हे विक्रेत्याला विचारून घेणे अगत्याचे आहे.

लाखेच्या वस्तूंची निगा सोपी आहे. त्या कोरड्या, मऊ कापडाने पुसाव्यात आणि गरम पाणी, स्पिरिट व कडक ऊन यांपासून दूर ठेवाव्यात. ज्या उष्णतेने लाख लाकडावर चढते, तीच उष्णता तिची झळाळी उतरवते.