दुसऱ्याचं इंजिन, आपली गाडी

मारुती ८००चं इंजिन बघून कुणाला धडकी भरत नाही. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. १९८३च्या डिसेंबरात पहिली गाडी रस्त्यावर आली, तेव्हापासून निम्म्या महाराष्ट्राने कधी ना कधी त्या बॉनेटखाली डोकावलंय. एका सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, पिस्टनची वरखाली धाव ७२ मिलिमीटर. एवढुसं प्रकरण.

आता हे एवढुसं प्रकरण मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर पळवा आणि साधा गुणाकार करा. प्रत्येक पिस्टन सेकंदाला ८३ वेळा वर जातो आणि ८३ वेळा खाली येतो. सरासरी वेग ताशी ४३ किलोमीटर. यात काय विशेष? विशेष हे, की दर ७२ मिलिमीटरनंतर त्याला पूर्ण थांबून उलटं फिरायचं असतं, सेकंदाला १६६ वेळा. सगळ्यात वरच्या टोकाला ज्या झटक्याने तो मागे खेचला जातो, तो गुरुत्वाकर्षणाच्या हजारपटीहून मोठा असतो. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून समजा पाव किलो भरल्या, तर त्या क्षणी कनेक्टिंग रॉडवर अडीचशे किलोहून जास्त ओढ येते. लगेच खाली, लगेच पुन्हा वर. खंबाटकी घाट चढताना आपण मागच्या सीटवर शेंगदाणे खात असतो, तेव्हा पुढे हे चाललेलं असतं.

मग इंजिन एक दिवस जातं यात नवल कसलं? लाखभर किलोमीटर ते जात नाही, हे खरं नवल.

हा सगळा ताण शेवटी येतो कुठे? कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, जिथे तो क्रँकशाफ्टला धरून असतो. तिथे रॉड आणि क्रँक यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या दोन अर्धगोल वाट्या असतात, बेअरिंगच्या. छर्रे नाहीत, रोलर नाहीत, नुसता पत्रा आणि तेल. आणि चालू इंजिनात क्रँक त्या पत्र्याला जवळपास शिवतच नाही. दोघांमध्ये तेलाचा थर असतो, काही मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा थर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक. त्यावर सगळा डोलारा तरंगतो.

तुम्ही म्हणाल, ऑइल पंप आहे ना, तो दाब देतो. देतो, पण तो दाब या कामाला कुठेच पुरणारा नाही. पंप फक्त तेल तिथवर पोचवतो. मग थर उचलतं कोण?

हे कोडं सुटलं ते योगायोगाने. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरायला लागला तसं तेल आत जाण्याऐवजी त्याच भोकातून वर यायला लागलं. त्याने बूच मारलं. बूच हळूहळू बाहेर ढकललं गेलं! शेवटी त्याने तिथे दाबमापक लावला, तर काटा बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीपलीकडे. तीन वर्षांनी ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने यामागचं गणित मांडलं. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढत नेतो आणि पुढे पुढे अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबतो. कोंबलेल्या तेलाला सुटायला जागा नसते, म्हणून त्याचा दाब चढतो आणि ते आसाला वर उचलून धरतं. मुसळधार पावसात द्रुतगती मार्गावर गाडी वेगात असली की टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतात, स्टिअरिंग हलकं लागतं आणि पोटात गोळा येतो, तो हाच प्रकार. रस्त्यावर आपला जीव घेऊ शकणारी गोष्ट इंजिनात आपल्याला घरी पोचवते.

आता कळेल, ऑइलची पातळी तळाला गेली की काय होतं. पंप तेलाऐवजी हवा ओढतो, थर फाटतो आणि धातूला धातू लागतो. बेअरिंगचा वरचा मऊ थर काही सेकंदांत तापून फासला जातो, फट वाढते, आणि रॉड क्रँकवर ठोके द्यायला लागतो. टक, टक, टक. गाडी वेगात आली की ठोकेही वेगात. हा आवाज ऐकून चावी बंद करणारा नुसता बेअरिंगच्या खर्चात सुटतो. ‘घरापर्यंत जाईल’ म्हणणाऱ्याचा रॉड तुटतो आणि ब्लॉकच्या भिंतीला भगदाड पाडून बाहेर डोकावतो. त्यानंतर दुरुस्तीचा विषय संपतो आणि दुसरं इंजिन शोधायचा सुरू होतो.

दुसरं इंजिन मिळतं कुठे? मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी. मागून ठोकलेल्या गाडीचं पुढचं इंजिन धडधाकट असू शकतं, हे या बाजारांचं सगळं भांडवल. पारख सोपी आहे आणि करावीच. क्रँक पान्याने हाताने फिरतो का? ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय तर नाही? असली तर पाणी तेलात शिरलंय, पुढच्या दुकानात चला. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजता आलं तर उत्तम. आणि कागद. कागदांशिवाय कितीही गोंडस इंजिन घेऊ नका.

घरच्या गॅरेजात जुनं इंजिन उतरवायचं ते मात्र धीराने. बॅटरी सोडायची, पाणी आणि ऑइल काढायचं, रेडिएटर उतरवायचा, पेट्रोलची नळी बंद करायची. प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवायची आणि सोडण्याआधी तिचा फोटो काढायचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, कितीही घाईत, शिरायचं नाही, घोड्या लावायच्याच. ही कामं कंटाळवाणी आहेत, म्हणून इथे आटपतो.

कंटाळा संपतो तो चेनब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळी-कप्पी, लावल्यावर. गिअरबॉक्ससकट इंजिन म्हणजे एखाद्या धडधाकट माणसापेक्षा जड वस्तू, आणि ती एकट्याने, एका हाताने, साखळी ओढत वर काढता येते. एक टनाचा चेनब्लॉक पूर्ण टन उचलत असला तरी साखळीला साधारण तीस किलोची ओढ पुरते. फुकट काही मिळत नाही, जोर वाचतो तेवढी साखळी जास्त ओढावी लागते. हे शाळेत शिकलेलं असतं. शाळेत न शिकवलेली गंमत पुढे आहे: साखळी सोडून द्या. इंजिन हवेत लोंबकळतं तिथेच राहतं! का?

आत एक स्क्रू आहे आणि घर्षणाच्या चकत्या आहेत. वजन खाली यायला बघतं तेव्हा ते दांडा उलटा फिरवू पाहतं. पण त्या फिरण्यानेच स्क्रू आवळला जातो आणि चकत्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात. म्हणजे पडू पाहणारं वजन स्वतःलाच जखडतं, आणि जेवढं जास्त जड तेवढं जास्त घट्ट. खाली उतरवायचं तर साखळी उलटी ओढून स्क्रू सैल करत राहावं लागतं; हात थांबला की पुन्हा आवळला. वर चढवताना जी कटकट ऐकू येते ती दात्यांवरून घसरणाऱ्या कुत्र्याची, म्हणजे अडकणाऱ्या खिट्टीची. त्या चकत्यांना उलटं फिरू देत नाही तो तोच. फक्त एक विनंती, हा चेनब्लॉक पंख्याच्या हुकाला टांगू नका. तो हुक पंख्यासाठी आहे.

जुनं इंजिन जमिनीवर आलं. नवं, म्हणजे दुसऱ्याचं, गिअरबॉक्सला जोडायला पुढे सरकवलं. आणि इथे मला दर वेळी थबकायला होतं. वेगळ्या वर्षी बनलेलं, वेगळ्या गावात लाखभर किलोमीटर पळालेलं, कुठल्या तरी अनोळखी गाडीतून निघालेलं हे धूड, आणि त्याचं प्रत्येक भोक आपल्या गिअरबॉक्सच्या भोकासमोर येतं. बोल्ट बोटांनी आत जातो. कसं शक्य आहे?

एके काळी शक्य नव्हतं. यंत्राचा प्रत्येक भाग त्याच्या शेजाऱ्याला जुळेपर्यंत कारागीर कानशीने घासायचा. एका यंत्राचा भाग दुसऱ्यात जाईल अशी अपेक्षाच नसे. १९०८ साली कॅडिलॅकने लंडनजवळच्या ब्रुकलँड्सला तीन मोटारी आणल्या. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली त्या पार सुट्या केल्या गेल्या आणि तिन्हींचे भाग एकत्र मिसळले गेले. त्यातले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याकडच्या साठ्यातले सुटे भाग दिले गेले. मग मेकॅनिकांनी पाने आणि स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या. कानस चालवायची नाही, ही अट. गाड्या सुरू झाल्या आणि ट्रॅकवर ५०० मैल पळाल्या. क्लबने कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी दिली. त्या काळच्या मोटारवाल्यांना ही चक्क जादू वाटली असणार, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं.

यामागे हवी मोजण्याची ताकद, आणि ती पुरवणाऱ्यांत एक स्वीडिश माणूस होता, कार्ल एडवर्ड योहान्सन. बंदुकांच्या कारखान्यात काम करताना त्याने पोलादी ठोकळ्यांचा संच काढला, १०२ ठोकळ्यांचा. ते एकमेकांवर रचून हजारो वेगवेगळी मापं बनवता येत. ठोकळ्यांचे पृष्ठभाग इतके सपाट, की दोन ठोकळे एकमेकांवर दाबून सरकवले की डिंक नसताना, चुंबक नसताना चिकटून बसत. पुढे १९२३ साली तो फोर्ड कंपनीत गेला. आज आपला बोल्ट बोटांनी आत जातो, कारण सगळी कुशल कानस कारखान्यात, मोजपट्टीच्या रूपात, आधीच चालवून झालेली आहे. आपल्या वाट्याला उरलेत फक्त पाने.

तरी एक जागा अशी येते जिथे बोटं पुरत नाहीत. गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटच्या खाचांमधून सरकून थेट क्रँकच्या टोकापर्यंत जायचा असतो, आणि क्लचप्लेट जरा जरी मध्यातून ढळली असली तरी तो जात नाही. ढकला, हलवा, शिव्या द्या, जात नाही. म्हणून प्रेशर प्लेट आवळण्याआधी जुन्या गिअरबॉक्सचा दांडा किंवा तसाच लाकडी दांडा घालून प्लेट मध्यावर आणतात. ते जमलं असेल तर क्रँक किंचित फिरवताच शंभर किलोंचा ऐवज अर्धी वीत पुढे सरकतो आणि बसतो. इंजिन बाहेर आहे तोवर क्लचप्लेट, मागचं ऑइल सील आणि टायमिंग बेल्ट नवे टाकून घ्या. नंतर त्यांच्यापर्यंत पोचायला पुन्हा हाच सगळा खटाटोप आहे.

मग आवळणं. बोल्ट म्हणजे काय? आपल्याला वाटतं, खुंटी. खरं तर तो स्प्रिंग आहे. आवळल्यावर तो किंचित लांबतो, मिलिमीटरच्या काही शतांशांनी, आणि पुन्हा आखूड व्हायच्या ओढीनेच दोन भाग दाबून धरतो. आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, बराचसा आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून आट्यांना तेल लागलं की नाही एवढ्यावरून, टॉर्क पान्यावरचा आकडा तोच असूनही, पकड पार बदलते. म्हणून पुस्तकातला आकडा पाळायचा, कोरडं की तेलकट हेही पाळायचं आणि हेडचे बोल्ट मधून सुरू करून कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. एकदम एका कोपऱ्यातून आवळलं तर हेड वाकतं. आणि त्या हेडखालचं पातळ गॅस्केट एका बाजूला दोन हजार अंशांची आग, दुसऱ्या बाजूला पाणी आणि तिसरीकडे तेल सांभाळत असतं.

पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. प्लग काढलेले असू द्या आणि सेल्फ थोडा थोडा मारत इंजिन नुसतं फिरवा, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. आग लागण्याआधी तेल पोचलं पाहिजे. मग प्लग, मग पेट्रोल, मग चावी. रेडिएटरमध्ये हवा अडकलेली असते, तीही काढायची.

राहिलं आरटीओ. आरसी बुकावर इंजिन नंबर छापलेला असतो. इंजिन बदललं की तो खोटा ठरतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे फेरफाराची नोंद करून घ्यावी लागते. लाखो इंजिनं हुबेहूब सारखी निघावीत म्हणून कारखाना जीव टाकतो आणि शेवटी प्रत्येकावर एक असा नंबर ठोकतो जो दुसऱ्या कशाशीही जुळू नये! तो ब्लॉकवर अशा आडजागी असतो की इंजिन बसवल्यावर तिथे हात जाईलच असं नाही. म्हणून इंजिन जमिनीवर असतानाच ती जागा रॉकेलने पुसून घ्या, कागद धरून वर पेन्सिल फिरवा आणि तो ठसा पावतीला टाचून ठेवा.