रंग चढला नाही, हेच निदान

सोलापूरच्या सिव्हिल रुग्णालयात बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडची माणसे उपचाराला येतात. 1963 साली सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच रुग्णालयाशी जोडलेले आहे. पोट फुगलेले, हिरवट उलट्या करणारे, जन्मल्यापासून शी न झालेले बाळ अशा रुग्णालयात आले, की डॉक्टरांना हिर्शस्प्रुंगच्या आजाराची शंका घ्यावी लागते. साधारण 5,000 जन्मांमागे एका बाळाला तो असतो.

कोपनहेगनचे डॉ. हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये दगावलेल्या दोन बाळांची हकिकत बर्लिनच्या सभेत मांडली. तेव्हा फुगलेले आतडे हाच रोग वाटत होता. खरा दोष त्याच्या खाली असतो. गर्भात आतड्याच्या चेतापेशी वरून गुदद्वाराकडे सरकत जातात. त्या वाटेतच थांबल्या, तर शेवटचा भाग त्यांच्याविना राहतो, आवळलेलाच राहतो आणि मळ वर तुंबतो. हा भाग काढण्याची शस्त्रक्रिया ऑर्व्हर स्वेन्सन यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केली. पण कापायचे कुठवर, हे सूक्ष्मदर्शकच सांगतो.

निदानासाठीही सूक्ष्मदर्शकच लागतो; त्यासाठी गुदाशयाचा छोटा तुकडा घेतात. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे त्याचे नेहमीचे रंग. हिमॅटॉक्सिलिन मिळते ते मध्य अमेरिकेतल्या लॉगवुड झाडाच्या गाभ्यातून. या दोन रंगांनी पेशीकेंद्र निळे, बाकीचा भाग गुलाबी दिसतो. पॅथॉलॉजिस्ट तुकड्याचे पातळ काप एकामागून एक पाहत चेतापेशी शोधतो. एक सापडली तरी त्या जागी आजार नाही. मात्र ‘नाही’ म्हणायला डझनावारी काप तपासावे लागतात. नवजात बाळाच्या चेतापेशी लहान आणि अपक्व असल्याने त्या नजरेतून निसटतात.

स्वित्झर्लंडचे मायर-रूगे यांनी 1970 च्या दशकात अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) रंगाने दाखवण्याची पद्धत रूढ केली. आजारी भागात जाड, वाढलेले चेतातंतू तपकिरी जाळ्यासारखे उठून दिसतात. पण तुकडा फॉर्मालिनमध्ये न टाकता ताजाच गोठवावा लागतो. जिथे ती सोय नाही, तिथे ही पद्धत अडते.

कॅलरेटिनिनने ही अडचण दूर केली. या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरून केलेली ही रंगक्रिया फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या, मेणात बसवलेल्या तुकड्यावरही होते. निरोगी आतड्यात चेतापेशी आणि बारीक तंतू तपकिरी होतात. आजारी भागात ते तंतू रंगतच नाहीत. म्हणूनच इथे सर्वाधिक काळजी लागते. रंग चढला नाही तो आजारामुळे, की प्रतिपिंड बिघडल्यामुळे? उत्तरासाठी प्रत्येक वेळी निरोगी आतड्याचा नमुनाही सोबत रंगवायचा. तो रंगला नाही, तर अहवाल द्यायचा नाही. तुकडा पुरेसा खोल आणि गुदद्वाराच्या कडेपासून योग्य अंतरावरचा हवा, कारण अगदी खालच्या पट्ट्यात निरोगी बाळालाही चेतापेशी विरळ असतात.

रंग कितीही चांगला असला, तरी निदानाची सुरुवात घरातूनच होते. वेळेवर जन्मलेल्या बहुतेक बाळांना 24 तासांत आणि जवळजवळ सर्वांना 48 तासांत काळसर पहिली शी होते. ती झाली नाही, पोट ताणले किंवा हिरवी उलटी झाली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. बाळाला तातडीने बालरोगतज्ज्ञांकडे न्या.