गाडीची कांच कां चढेना?

गेल्या वैशाखांत परभणीहून गंगाखेडास गोदास्नानासाठीं जातांना आमच्या गाडीच्या मागील डाव्या दाराची, विजेनें चालणारी कांच उतरली ती पुन्हां चढेना. धूळ आणि झळा यांनीं सूनबाईंच्या मांडीवरील नातवंड कासावीस झालें. परतल्यावर एका कारागिरानें दारास हातही न लावतां निकाल दिला, "मोटर जळाली; नवी घाला."

कारण असतां कार्य होतें, तें नसतां होत नाहीं. या अन्वयव्यतिरेकानेंच नैयायिक कारण ठरवितात. मीं तीच रीत धरली. इतर तिन्ही कांचा चालत होत्या. अर्थात् सामाईक फ्यूज शाबूत होता. चालकाजवळच्या बटणानेंही ही कांच हलेना. तेव्हां दोष केवळ मागील बटणाचा नव्हता. बटण दाबतां दारांत गुणगुण ऐकूं येती, तर कांच ओढणारी तार तुटली असें म्हणतां आलें असतें. पण आंत सर्व निःशब्द होतें. शेवटीं दार सताड उघडून बटण दाबलें, तों कांच हलली! दार लोटतांच पुन्हां निश्चल.

मर्म कळलें. दार आणि खांब यांमधील रबरी नळींतून विजेच्या तारा जातात; रोजच्या उघडझापीनें त्यांतील एक आंतून तुटली होती. बॅटरी सोडवून, तारेचा तेवढा तुकडा बदलून डाख दिला, आणि कांच पूर्ववत् चालूं लागली. मोटर निर्दोष होती.

नवें सामान घेण्यापूर्वीं वाचकांनीं एवढी परीक्षा अवश्य करावी. मात्र कांच चढवितांना मुलांचे हात आंत आहेत ना, हें आधीं पाहावें.