नागीण बरी झाली, तरी डागावर नजर हवी

कुणाच्या कमरेला नागीण उठली की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘तोंडाला शेपटी मिळाली का?’ मिळाली तर माणूस वाचत नाही, ही जुनी भीती. मग मंत्र होतो, लेप लागतो. खरे तर नागीण एका नसेच्या वाटेने चालते, आणि ती नस पाठीच्या कण्यापासून निघून पोटाच्या मधोमध संपते. म्हणून फोडांचा पट्टा बहुधा एकाच बाजूला राहतो.

हा विषाणू कांजिण्यांचाच, व्हेरिसेला झोस्टर. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो नसांच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि उतारवयात किंवा आजारपणात प्रतिकारशक्ती खचली की उठतो. दोन-चार आठवड्यांत खपल्या पडतात, डाग उरतो. पुष्कळांना महिनोन् महिने आगही छळते.

या डागाकडे डॉक्टरांचे लक्ष गेले ते एका विचित्र गोष्टीमुळे. काही रुग्णांत नागिणीच्या बरोबर त्याच पट्ट्यात नंतर वेगळाच आजार उगवतो. १९५५ साली वायबर्न-मेसन यांनी अशा जागी झालेल्या कर्करोगांची नोंद केली. १९९५ मध्ये वुल्फ आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला ‘आयसोटोपिक रिस्पॉन्स’ हे नाव दिले; अर्थ साधा, तीच जागा, नवा आजार. बहुतेकदा तिथे कर्करोग नसलेल्या गाठी येतात. क्वचित त्वचेचा कर्करोग, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) किंवा रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी आढळतात.

असे का होते? विषाणू त्वचेतील नसांची टोके जाळून जातो. या नसा केवळ वेदना कळवत नाहीत; त्यांतून पाझरणारी रसायने तिथल्या रोगप्रतिकारक पेशींनाही इशारे देतात. राखणदार हलला की बांध उघडा पडतो, तसे त्या पट्ट्याचे होते, असा अंदाज आहे. हा विषाणू स्वतः कर्करोग घडवतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट, लिम्फोमाने आधीच प्रतिकारशक्ती खाल्लेली असते, म्हणून नागीण उठते, असेही घडते.

दुसऱ्या एका विषाणूचे कर्करोगाशी असलेले नाते मात्र धाराशिव जिल्ह्याला नवे नाही. परंडा आणि भूम तालुक्यांतल्या कर्करोगाची नोंद शेजारच्या बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून ठेवते. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणे समजावतात. धाराशिव जिल्ह्यातच १९९९ मध्ये १,३१,७४६ महिलांचा अभ्यास सुरू झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हा निष्कर्ष जगाने वाचला. दुखणे वाढायची वाट न पाहता तपासले की जीव वाचतो, हे इथल्याच मायबहिणींनी दाखवून दिले.

तोच धडा नागिणीलाही लावावा. फोड दिसताच डॉक्टर गाठा. विषाणूरोधक गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त गुण येतो. पन्नाशीनंतर लसीबद्दल विचारा. ती भारतात मिळते. डाग पाहून घाबरू नका, कर्करोग तिथे विरळाच होतो. पण जुन्या डागावर गाठ आली, न भरणारी जखम झाली, रक्त येऊ लागले, किंवा काखेत, मानेत अवधाण फुगून राहिले, तर ‘नागिणीचाच अवशेष’ म्हणून लेप लावू नका. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. त्वचेचा छोटा तुकडा तपासला की खरे काय ते कळते.