बर्फातले प्राणी, वऱ्हाडातले वाचक

मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या मूर्तिजापुरात पहिलीतल्या मुलाच्या हाती बर्फातल्या प्राण्यांचे पुस्तक द्यावे का? जरूर द्यावे. सोव्हिएत काळात मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची स्वस्त, देखणी बालपुस्तके मराठीत आली आणि हिमातले कोल्हे-अस्वले मराठी मुलांच्या ओळखीची झाली. ‘आधी जवळचे वाचू द्या’ हा आक्षेप वजनदार आहे, कारण विषयाची थोडी माहिती असली तरच मजकूर नीट कळतो. पण दूरच्या प्राण्यालाही जवळचा धागा असतो. हरभऱ्यात घुसणारा रोही इथल्या मुलांना ठाऊक आहे. त्याच्या मादीला शिंगे नसतात, रेनडिअरच्या मादीला मात्र असतात; एवढे एक वाक्य पानावर आले तरी पुरे. मेळघाटातल्या काळ्या अस्वलाचेही तसेच. ध्रुवाकडच्या पांढऱ्या अस्वलाची कातडीसुद्धा केसांखाली काळीच असते, हे कळल्यावर मूल पुढचे पान उलटणारच.

मूल अडते ते प्राण्यापाशी नव्हे, भाषेपाशी. ‘सील’ नवशिक्यालाही झटकन वाचता येते. ‘ध्रुवीय प्रदेशातील सस्तन प्राणी’ म्हटले की गाडी रुतते. म्हणून जोडाक्षरे मोजकी हवीत, वाक्ये छोटी हवीत आणि चित्रे खरी हवीत. पांढऱ्या अस्वलाशेजारी पेंग्विन उभा करणारे पुस्तक, कितीही गोड असले, तरी शाळेने घेऊ नये. अस्वल उत्तरेकडचे, पेंग्विन दक्षिणेकडचा. निसर्गात त्यांची गाठच पडत नाही.